प्रोब आडवा धरला तेव्हा

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस का आता?

इकडची ताजी बातमी म्हणजे, एका बाळाच्या हृदयात छिद्र आहे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला. आज दुपारी आमच्या विभागाच्या डॉक्टर बाईंनी तपासून नक्की केलं. बाळ अजून पोटात आहे, सातवा महिना.

बाकी काम नेहमीसारखं. खोली अंधारी, एसी थंडगार, पोटावर लावायचं जेल त्याहून थंड. तू मागे विचारायचीस, सोनोग्राफीत दिसतं ते खरंच असतं का गं? कधी कधी नसतंही. पोटावर फिरवायचा प्रोब हृदयातल्या पडद्याच्या रेषेत धरला, तर त्याचा पातळ भाग दिसतच नाही आणि नसलेलं छिद्र दिसतं. म्हणून तो आडवा धरून पुन्हा बघायचं असतं. असं सांगून कितीतरी आयांना मी धीर दिलाय.

या बाळाला मी महिनाभर बघत होते. जेवणाच्या सुट्टीत, दाराला कडी लावून, पडल्या पडल्या एका हाताने. दर वेळी त्याच सरळ कोनातून. छिद्र दिसायचं, पण प्रोब आडवा धरलाच नाही.

हो ताई. माझंच.

तो घर सोडून गेला तेव्हा दिवस गेलेत हे मलाही माहीत नव्हतं. तू फोनवर म्हणालीस, "लोकांच्या पोटातलं दिसतं तुला, नवऱ्याच्या मनातलं नाही दिसलं?" मी फोन ठेवला तो ठेवलाच. नंतर हे सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

आज बाईंनी मला टेबलावर झोपवून प्रोब आडवा धरला. छिद्र होतं तिथेच. मशीनवर रक्ताचा प्रवाह दाखवणारे रंग लावले, तर छिद्रातून रक्त इकडून तिकडे जाताना दिसलं.

"तू आडवं बघितलं नव्हतंस?"

"नाही."

"का गं? शिकाऊ पोरींना तर त्यावरून रोज ओरडतेस."

माझ्या पोटावरचं जेल त्यांनीच पुसलं. एरवी ते काम माझं असतं.

ऑपरेशनने बरं होईल, म्हणाल्या. मीही आयांना हेच सांगते. ऐकताना त्या शेजारच्या माणसाकडे का बघतात, ते आज कळलं. माझ्या शेजारी मशीन होतं.

पुढच्या सोमवारी हृदयाचे सर्जन भेटणार आहेत. बाळंतपण कुठे, ऑपरेशन कधी, ते ठरेल. बाईंनी बजावलंय, "एकटी येऊ नकोस. घरचं कुणीतरी आण."

मी सांगितलंय, बहीण येणार आहे.

तुझी,
धाकटी