न आटलेलं गाव

५ फेब्रुवारी, जळगाव
पुन्हा तेच उत्तर! 

संगणकावर मी एक खोटं गाव रचलं होतं. त्याचा हजारो वर्षांचा इतिहास माझ्याच हातचा — दोन पाडे, फार काळ वेगळे राहिलेले, मग एकमेकांत मिसळलेले. माणसं कधीच घटली नाहीत. त्यांची जनुकं, जनुकांवरून पूर्वीची लोकसंख्या काढणाऱ्या आमच्या पद्धतीला दिली. ती म्हणते, मधे कधीतरी मूठभर घरंच उरली होती! कशी उरतील? मी एकही माणूस मारला नव्हता.

आणि शिरपूरकडच्या खऱ्या गावाबद्दल आम्ही हेच सांगून बसलोय. त्यांनी लाळेचे नमुने दिले, म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनी गावच्या मंडपात निकाल सांगितला — 'तुम्ही सगळे मूठभर घरांची लेकरं!' केवढ्या टाळ्या!

७ फेब्रुवारी
सरांना दाखवलं. "पेपर छापून आलाय. आता शंका काढू नकोस." माझा प्रबंध त्यांच्याच सहीसाठी अडलाय. मी निमूट परत आले. भित्री कुठली!

१० फेब्रुवारी
उखर्डूआबांचा फोन. गावातली लग्नं तेच जुळवतात. कोकिळाचं वरच्या पाड्यात ठरलेलं लग्न त्यांनी मोडलं! "बठ्ठा एकच घरना शेतस, तुम्हीच सांगं व्हतं ना? मंग भाऊ-बहीणनं लगीन कसं लावू?"

सगळे एकाच घरचे, ही हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट आहे आबा, म्हटलं. "रगत ते एकच ना?"

नमुने घेताना कोकिळाच माझ्याबरोबर घरोघर हिंडली होती. हसरी पोर. तिचा संसार मांडण्याआधीच आम्ही मोडला.  जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी
केला आबांना फोन! पाडे वेगळे राहिलेले असले की ही पद्धत फसते, माणसं घटली असं सांगते. खरं काय घडलं ते मलाही ठाऊक नाही, पण त्या निकालावर भरवसा ठेवू नका. एका दमात बोलले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "बरं झायं पोरी, सांगी दिधं."

सरांच्या कानावर जाणारच. सही गेली म्हणायची. पण कोकिळाचं तरी मार्गी लागेल.

१५ फेब्रुवारी
कोकिळाचा फोन. आबांनी तिचं मोडलेलं लग्न पुन्हा ठरवलंय. रडत होती. "ताई, तू आबाले कसाले बोलनी? माले ते लगीन नकोच व्हतं. तुन्हा निकालनीच माले वाचाडं व्हतं."

परवा हळद आहे.