शब्दाखालची नावं

वाडीवरची शाळा, ता. जुन्नर
५ जुलै २०२५

ती. सुनीलदादास,
प्रतिभाचा सा. न. वि. वि.

वाडीवर फोनला रेंज नाही, म्हणून पत्र. लावणी सुरू आहे, निम्मा वर्ग आयांबरोबर खाचरात. पहिल्या वर्षी मुलं ‘नाय’ म्हणाली की मी टोकायचे. मुलं बोलायचीच थांबली. आता उलट केलंय. रोज एकाने घरचा शब्द आणायचा, मी तो कार्डावर लिहायचा आणि खाली आणणाऱ्याचं नाव. परवा गोकुळने ‘आवण’ आणलं, म्हणजे लावणीची भाताची रोपं. त्याची आई बायडाबाई खिडकीतून ओरडली, की बाई, ह्यो शबुद माझा व्हता, ह्यानं चोरला! मग दोघांची नावं लिहिली. आपला शब्द असला की मूल वाचतंच, दादा.

तुझ्या डी.एड.नंतर घरातली पहिली पदवी माझी, आणि तीही तू अण्णांना पटवलंस म्हणून. आता मनाशी ठरवलंय, की दोन वर्षांत पहिलीतलं प्रत्येक मूल वाचायला लागलं पाहिजे. आणि एकदा तरी तालुक्याच्या शिक्षण परिषदेत उभं राहून हे सगळ्यांना सांगायचंय. कार्डं सोबत पाठवतेय. चुका काढ, हसू मात्र नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
प्रतिभा

बेल्हे
१४ सप्टेंबर २०२५

चि. प्रतिभास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, फुगून बसू नकोस. इथे बाजाराच्या दिवशी टेम्पोंच्या गोंगाटात वर्गात माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. तुझी वहिनी म्हणते, पोरगी डोंगरात वाळली असेल, भाजणी पाठवा. पाठवतो.

कार्डं बरी आहेत, पण अजून कच्ची. मांडायची घाई करू नकोस. शुक्रवारी परिषद झाली. तीच ती रटाळ भाषणं. तू आली नाहीस तेच बरं, एवढ्या लांबून येऊन लई पस्तावली असतीस. तुझ्यासाठी कुठे शब्द टाकता आला तर टाकीनच.

भाऊबीजेला ये. वहिनी वाट बघते आणि मीही.
तुझा,
सुनीलदादा

वाडीवरची शाळा
२१ सप्टेंबर २०२५

सुनीलदादा,

‘तुम्ही’ म्हणून लिहितेय. ‘तू’ लिहायला घेतलं होतं, हात चालेना.

परिषदेला मी आले होते. एसटी उशिरा पोचली, म्हणून मागे दारापाशी उभी राहिले. तुम्ही बोलायला उभे होतात. पडद्यावर ‘आवण’ दिसलं तेव्हा आधी आनंदच झाला. वाटलं, दादाने मला चकित करायचं ठरवलंय, आता नाव घेईल. मी ओढणीसुद्धा सावरली. कार्डांखालची नावं कापलेली होती. जागा पुरली नसेल, अशी समजूत घालून पाहिली. मग कुणीतरी विचारलं, की हे सुचलं कसं. तुम्ही म्हणालात, बेल्ह्याच्या बाजारात लोकांची बोली ऐकून. टाळ्या पडल्या. शेजारच्या बाई बघत होत्या, म्हणून मीही वाजवल्या.

मागितलं असतंत तर दिलं असतं, असं लिहिणार नाही. नसतं दिलं. पण तुमच्या शेजारी उभं राहून सांगायला मला फार आवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी गोकुळने विचारलं, की बाई, तुमी आमचं शबुद सांगितलं का. मी हो म्हटलं. मुलांशी इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते.

मी ठरवलेलं बदललेलं नाही. ऑक्टोबरच्या परिषदेसाठी नाव दिलंय. पण मी उभी राहिले की लोक म्हणतील, हे तर सुनील सरांचं, बहिणीने उचललं. तुम्ही मला तिथे चोर करून ठेवलंय, दादा. अण्णांच्या पोरीला.

म्हणून ओवाळणी आधीच मागते. साडी नको. माझ्याआधी तुम्ही उठा आणि खरं ते सांगा. सांगितलंत तर भाऊबीजेला येईन. नाही सांगितलंत, तर वहिनींना म्हणावं, पाट मांडू नका.

लोभाचं या वेळी तुम्हीच ठरवा.

प्रतिभा