फोटोखालचा कागद

बुधवार, १२ जून

प्रिय कायलीन,

तुझं पत्र सोमवारी आलं. दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्यामागे ठेवलं, बाबांच्या हाती लागू नये म्हणून. मूल दत्तक घेण्याचा अर्ज तू मागे घेतलास हे वेसने मला आधीच फोनवर सांगितलं होतं. बिचारा अडखळत बोलत होता. "आई, महिनाअखेरपर्यंत फाइल बंद करणार नाही म्हणाल्या त्या दत्तक संस्थेच्या बाई. तुम्ही बोलून बघा ना तिच्याशी. नवऱ्याचं ऐकायचं नाही असं ठरवलंय तिने." बघते, म्हणाले. काय बघणार होते कोण जाणे. अर्जात एक प्रश्न होता, तुमच्या देखरेखीखाली असताना कधी एखाद्या मुलाला इजा झाली आहे का. तू "हो" लिहिलंस, खाली आपल्या धाकट्या भावाचं, कोल्बीचं नाव लिहिलंस, वय चार, आणि मग सगळे कागद परत मागवून घेतलेस. मला तू लिहितेस, "जिला एक निरोप लक्षात ठेवता आला नाही, तिच्या हाती कुणी मूल का द्यावं?" या वाक्याला मला उत्तर द्यायचं आहे. पण सरळ तिथे जाता येत नाही. थोडं इकडचं लिहिते, मग येते.

इकडे कपट्यांचं प्रकरण चालू आहे. चर्चमधल्या आम्हा बायकांचं मंगळवारचं फोटोंचे अल्बम सजवायचं कापाकापीचं मंडळ अजून भरतं, आता सहाजणीच उरलो आहोत. नॅडीन टटलने इस्टरनंतर फर्मान काढलं की नवा नक्षीचा कागद कुणी विकत आणायचा नाही, आधी घरातले कपटे संपवायचे. "आपण गेल्यावर पोरं काय करणार आहेत ठाऊक आहे ना? खोक्यासकट कचऱ्यात. त्यापेक्षा वाढदिवसाची कार्डं करा आणि गावभर वाटा." त्यावर बाकीच्या म्हणाल्या, "नॅडीन, तुझे कपटे संपेपर्यंत आमचे वाढदिवस संपतील." माझी अकरा खोकी निघाली. माझी पद्धत तुला आठवत असेल. पानावर फोटो चिकटवण्याआधी त्याच्याखालचा कागद मी कापून काढायची, बोटभर कड ठेवून. फोटोखाली काय आहे ते कोण बघतं? तेवढाच चांगला चौकोन वाचतो. नॅडीन सगळ्यांना सांगायची, "हिच्या अल्बमात प्रत्येक माणूस भोकावर बसलाय." ते खरंच आहे. आपल्या घरातला प्रत्येक फोटो भोकावर आहे आणि त्याखालचे चौकोन माझ्या खोक्यांत, रंगाप्रमाणे लावून ठेवलेले. एखादा हातात घेतला की त्याचं पान आठवतं. निळ्या चौकड्या म्हणजे तुझ्या बहिणीचा, बेकाचा दात पडला तो दिवस. त्यातून मी पट्ट्या कापते, पताका कापते आणि दुसऱ्याच कुणाच्या कार्डावर लावते. लोक म्हणतात, किती छान रंग.

कोल्बीच्या अल्बमबद्दल मी तुझ्याशी कधी बोलले नाही. तो गेला त्यानंतरच्या हिवाळ्यात मी तो पुरा केला. तेव्हा आम्ही सगळ्याच मूळ फोटोंना कात्री लावायचो. नको ते काढायचं, हवं तेवढं ठेवायचं, गोल, बदाम, कसंही. निगेटिव्ह कुठे आहेत हे कुणीच विचारायचं नाही. मी प्रत्येक फोटोतून कोल्बी कापून घेतला. पण तो एकटा कुठे असायचाच नाही. तुझ्या कडेवर असायचा, नाहीतर तुझ्या पुढ्यात. चौथ्या वाढदिवसाच्या फोटोत तो मेणबत्त्यांवर वाकला आहे आणि तू त्याला मागून धरलं आहेस. तुला मी कापलं. हात कापता येईना, त्याचा खांदा गेला असता. म्हणून हात राहिला. अशा चौदा पानांवर तुझा हात आहे, मनगटापर्यंत. मागे एकदा बेकाच्या टेसाने विचारलं, "आजी, हा कुणाचा हात?" मी म्हणाले, "कुणाचा नाही गं." ती म्हणाली, "कुणाचाच नाही असा हात असतो का?" स्वयंपाकघरात बेकाचा चमचा थांबलेला मला ऐकू आला. तेव्हापासून टेसा तो अल्बम असलेल्या खोलीत एकटी बसत नाही.

आता त्या शनिवारचं लिहायला हवं. शेताला पाणी घ्यायची आपली पाळी शनिवारी संध्याकाळी सहाची. सहापर्यंत पाट कोरडा, आळीतली सगळी पोरं त्यात उतरायची, तूही त्यातच वाढलीस. त्या दिवशी संध्याकाळी पाटाला पाणी सोडणाऱ्या ओर्व्हल मॅडसेनच्या मुलीच्या लग्नाचं जेवण होतं, म्हणून त्याने ती पाळी अलीकडे आणली आणि पाटाच्या वरच्या दाराची फळी सकाळी दहालाच उचलली. तू मागे चादरी वाळत घालत होतीस. पाटाचं पाणी येताना आवाज करत नाही. पुढे काटक्या ढकलत येतं आणि रस्त्याखालच्या मोरीपाशी एकदम चढतं. कोल्बी पाटात होता, तुझी पाठ होती आणि मध्ये चादरी होत्या. पुढचं तुला माहीत आहे. दफनाच्या दिवशी ओर्व्हल अंगणात बाबांपुढे उभा राहिला, टोपी हातात. "डेल, मी फोन केला होता रे. तुझ्याकडे कुणीतरी घेतला. बरं, म्हणाली." तुझा आणि माझा आवाज फोनवर सारखा, लोक नेहमी फसायचे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी नाही घेतला. कायलीनने घेतला असेल." एवढंच म्हणाले. तुला कुणी रागावलं नाही. बिशप म्हणाले, लेकरू आहे, विसरलं. बाबा म्हणाले, तू लहान आहेस. बायका जेवणासाठी बटाट्याचे ट्रे घेऊन येत होत्या आणि जाताना तुझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. तू एकदाच म्हणालीस, मला फोन आठवत नाही. मग तेही म्हणेनाशी झालीस.

त्या दिवसापासून मला एक मुलगी दिसते. कोल्बी नाही दिसत. एकवीस वर्षांत स्वप्नातही आला नाही, मी वाट पाहिली तरी. ती दिसते. स्वयंपाकघरात भिंतीवरच्या फोनपाशी, एका पायावर दुसरा पाय टेकवून, रिसीव्हर मानेत धरलेला, हातात जॅम लावलेला अर्धा पाव. ती "बरं" म्हणते आणि फोन ठेवते. सुरुवातीला मी तिला मुद्दाम आणायची, लोकांना सांगताना उपयोगी पडावी म्हणून. वेणी दिली, पाव दिला. नंतर ती न बोलावता यायला लागली. फोन काढून टाकला तरी भिंतीतल्या चार भोकांपाशी ती उभी राहते. मी चहा करते तेव्हा असते, बाबा प्रार्थना म्हणतात तेव्हा असते. आणि तू पत्रात लिहिलंस, "रिसीव्हर गरम होता, मला अजून आठवतं. हातात पाव होता." कायलीन, पावाचं मी घरात कुणाकुणाला सांगितलं असेल. पण रिसीव्हर गरम असल्याचं मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. ती तुझ्याकडेही जाते, आणि तिथे ती वाढली आहे.

काल मंडळात पिवळ्या कपट्यांचा दिवस होता. ओर्व्हल जाऊन सहा वर्षं झाली, त्याच्या बायकोला, एल्व्हाला आता नव्वद लागतील, तिचं कार्ड माझ्याकडे होतं. खोक्यातून एक चौकोन निघाला, पिवळा, त्यावर लाल फुगे. कोल्बीच्या चौथ्या वाढदिवसाच्या पानाचा. ते पान मी त्या शनिवारी सकाळीच कापायला घेतलं होतं. डिंक लावायला उलटा केला. मागे माझं अक्षर. "पाणी १० ला. ओर्व्हल." पेन्सिलने, घाईत, एका हाताने लिहिलेलं. तारीख नव्हती. फोन मीच घेतला होता याचा मला विसर पडला होता असं तुला लिहिता आलं असतं, आणि तू विश्वास ठेवला असतास. विसर पडला नव्हता. फक्त त्या मुलीला मी मधे उभं केलं होतं. मग मी डिंक लावला. हेही तुला कळायला हवं. चारही कडांना व्यवस्थित लावला. पालथा करून दाबला की संपलं असतं. एल्व्हाने कार्ड महिनाभर खिडकीत ठेवलं असतं. नॅडीन म्हणाली, "अगं बाई, डिंक वाळतोय, चिकटव की." मी उठले. "हिला काय झालं? कात्रीसुद्धा विसरली," असं मागे ऐकू आलं. घरी बाबा टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावत होते. कागद त्यांच्या हातात दिला. चष्मा शोधून आणला, वाचला, पुन्हा वाचला. "हे कधीचं?" मी सांगितलं. ते वाफ्याच्या कडेला बसले. म्हणाले, "एकवीस वर्षं मी त्या पोरीला माफ करत आलो." मग म्हणाले, "तिला लिही. मला काही सांगू नकोस, तिला लिही." जेवले, भांडी घासली, आणि रोपांकडे गेले.

म्हणून हे पत्र. कपटा सोबत घातला आहे, कडांवर डिंक वाळला आहे, पाकिटातून सांभाळून काढ. त्या अर्जाच्या बाईंना तो दाखव. हे पत्रही दाखव, हवं तर आधी त्यांनाच वाचू दे. वेसला सांग, महिना संपायला अठरा दिवस आहेत. त्यांनी मला फोन केला तर मी सगळं सांगेन, चर्चमध्ये पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उभी राहून सांगणारच आहे, बिशपना तसं कळवलं आहे. तू माझ्याशी बोलावंस म्हणून मी हे लिहीत नाही. तू अर्जात चुकीचं उत्तर लिहिलं आहेस, ते खोडायला हवं, म्हणून लिहिते. फोनपाशी तू नव्हतीस. तुझ्यापर्यंत निरोप आलाच नाही, मग तो तू विसरशील कशी? आणि एक गोष्ट त्या कागदावर नाही, ती मी बाबांनाही अजून सांगितलेली नाही. फोन ठेवून पाच मिनिटं झाली नसतील. तू दारात आलीस, ओल्या चादरींची बादली दोन्ही हातांत, कोल्बी तुझ्या मागे उड्या मारत होता. तू विचारलंस, "आई, हा पाटात खेळू का म्हणतोय. सोडू?" तू विचारलं होतंस, कायलीन. मी फुग्यांचा कागद कापत होते, मान वर केली नाही. "सोड की," म्हणाले, "संध्याकाळपर्यंत कुठे पाणी येतंय."

ठेवलीस तर तुझीच,
आई