विझणारा ठिपका

३ मे
ताई सुट्टीवर आलीय, तिचं काम मात्र सुट्टीवर नाही. शहराच्या टोकाला, सातारा परिसरात आमची नवीन बिल्डिंग, नळ नाही, टँकर. पाण्यावाचून कूलर बंद. आणि ही लॅपटॉपवर आभाळाचे फोटो बघत बसलेली. एक जुना, एक नवा, परत जुना. जुन्यात नाही असा ठिपका नव्यात शोधायचा.
आई : कशाचा गं ठिपका?
ताई : लई लांब एक तारा मेला. गॅमा किरणांचा भडका झाला, सेकंदात संपला. मागं थोडा उजेड राहतो, विझत जातो.
आई : भांडं पडल्यावर घुमतं तसं.
ताई बघतच राहिली. मग आईचा गालगुच्चा घेतला.
माझी बिनक्रियापदांची कादंबरी अडलीय. ताई म्हणे, "मग माणसं करतात काय तिच्यात?"

५ मे
मला ठिपका सापडला! ओरडलेच. ताईनं स्क्रीनवरून बोटानं पुसला. ज्वारीचं पीठ. "येडे, भाकरी थापता थापता तारे बघतीस?"
जेवताना हळूच बोलली. मागं तिनं कळवलेला ठिपका लघुग्रह निघाला, तिच्याबरोबरचे सगळे हसले. या खेपेला काही नाही मिळालं तर पीएचडी सोडणार, इथंच क्लासवर शिकवणार.
मी पटकन, "तुझी खोली तशीच आहे." नको होतं बोलायला. पण ती इथं राहिली तर मला हवंच आहे.

८ मे
दुपारी टँकरचा हॉर्न आणि ताईची किंकाळी, एकदमच. सापडला! तासाभराच्या अंतरानं काढलेले दोन फोटो. जागचा हलला नाही, म्हणजे लघुग्रह नाही. आणि मंद झालाय.
"पाठव."
"परत हसतील गं."
"हसू दे. पाठव."
माझा हात धरून बटण दाबलं तिनं. खालून टँकरवाले काका : "ओ प्रोफेसर, आभाळ मग बघा, आधी पाईप धरा!"

९ मे
डोंगरावरची मोठी दुर्बीण काल रात्री त्या ठिपक्याकडं वळवणार होते. सकाळी तिथून निरोप : इथं ढग. आज परत बघू, उघडलं तर. तोवर ठिपका उरला पाहिजे.
आई रोज देवाकडं ढगच मागते. पेचात पडली. निरांजन पुसत पुटपुटली, "तिथले इकडं पाठव बाबा. सगळ्यांचंच भागंल."
ताई हसली. मग डोळे पुसले.
मी पण हात जोडले. उघडू दे म्हणलं. खरं निघू दे, जाऊ दे तिला.
मागून तर बसले. आता त्यानं ऐकलं तर ताईची खोली परत रिकामी.