दाक्षायणीची पेटी

४ एप्रिल

ज्ञानबाकडून! माझ्या मुलीच्या लग्नातली पेटी ज्ञानबाकडून! भवानी पेठेत बापाचं तीन मजली फर्निचरचं दुकान, आणि पोरगी मागच्या बोळातल्या पत्र्याच्या शेडमधनं पेटी आणणार. मला कुणी सांगितलं नाही. स्वयंपाकघरात मायलेकी कुजबुजत होत्या, पण माझे कान दोन भिंतींपलीकडचं ऐकतात. “आई, अप्पांना आत्ताच बोलू नको. ज्ञानबाकाकांकडं पेटी होत आलीय.”

चहा पिताना मी हसून गप्पा मारल्या.

५ एप्रिल

तीस वर्षांपूर्वी मी आणि ज्ञानबा एकाच ठेकेदाराकडे रंधा मारायचो. मी मशिनं घेतली, प्लाय धरलं, वर आलो. तो हातानंच करत बसला. मग त्याचं नाव घेताना लोकांचा आवाज का बदलतो? “ज्ञानबाचा हात म्हणजे...” असं म्हणतात आणि पुढे बोलतच नाहीत. माझ्याबद्दल काय? “रेवणप्पाशेठचा माल वेळेवर पोचतो.”

७ एप्रिल

पटाशीला धार लावायच्या निमित्तानं ज्ञानबाकडं गेलो. पेटी फडक्याखाली होती. “बग की, हात लाव,” म्हणाला. सागवान, हातभर लांब, झाकणावर वेलीची नक्षी. आत बांगड्यांना एक खण, फोटोंना एक, आणि आजीच्या विभूतीच्या गोळ्यापुरता छोटा गोल. झाकण सोडलं तर आपटलं नाही — श्वास सोडल्यासारखं हळू बसलं. माझ्या तीन मजल्यांत एकाही वस्तूला तो आवाज नाही.

“नक्षी जरा दाट झाली,” मी म्हणालो.

“तसं पोरीला सांग की!” ज्ञानबा खदखदून हसला. “लई जळतोस रं रेवण्णा!”

मीही हसलो. धंद्यात तेवढं शिकलोय.

८ एप्रिल

ठरलं. मीच करणार. मशीन न लावता. दोन्ही पेट्या समोर ठेवीन, दाक्षायणीनं निवडावी. सुंदरम्मा म्हणाली, “अहो, पोरीचं लग्न आहे, प्रदर्शन नाही!” बायकोसुद्धा त्याच्याच बाजूची.

१२ एप्रिल

अंगठ्याला दोन पट्ट्या. रंधा धरायची सवय गेली. तरी ताज्या लाकडाचा वास आला आणि एकदम वीस वर्षांचा झालो.

१५ एप्रिल

झाली! झाकणाची फळी चौकटीत चारी बाजूंनी गम लावून अशी पक्की केलीय की शंभर वर्षं हलणार नाही. पॉलिश वाळायला गच्चीवर पत्र्याखाली ठेवली. परवा दाक्षायणीला दाखवायची. दुधनीला सासरी माझीच पेटी जाणार. ज्ञानबाला पुढच्या पंगतीत बसवीन, पेटी समोर ठेवून वाढीन.

१७ एप्रिल

दुपारी जेवताना वर आवाज झाला — टक्! घास टाकून जिना चढलो. झाकणाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. बेचाळीस डिग्री ऊन आहे, म्हणून काय सागवान असं तडकतं? वखारवाल्याला फोन करून नको ते बोललो. ओलं लाकूड दिलं हरामखोरानं!

१८ एप्रिल

लपवणार होतो. दाक्षायणीच गच्चीवर आली. चिरेवर नख फिरवून म्हणाली, “अप्पा, चारी बाजूंनी चिकटवलीत होय? फळी खाचेत मोकळी सोडायची असते. सागवान उन्हात आक्रसतं, प्लाय नाही. माझी पण पहिली दोन झाकणं अशीच फुटली.”

“तुझी?”

“मग ती पेटी काय काकांनी केली वाटतं तुम्हाला? दोन वर्षं जाते मी त्यांच्याकडं.”

“मला का नाही विचारलंस?”

“विचारलं होतं की. तुम्ही म्हणालात, मशीन आहे, हात कशाला खराब करतेस.”

पेटी ज्ञानबानं केलेलीच नाही. आता तर त्याच्यावर जास्तच जळतोय.