आज भांडण नाही का, वहिनी?

१४ सप्टेंबर
आजही आम्ही नवरा-बायको लाइव्हवर भांडलो. दुकानात गिऱ्हाईक नाही, मोबाईलवर गर्दी. प्रमोदने (यापुढे प्र. लिहीन, हात दुखतो) पिवळी साडी उलटी धरली, मी ओरडले, त्याने कपाळावर हात मारला. खाली कमेंटमध्ये लाल बदामच बदाम.
सुरुवातीला मी खरंच चिडले होते. मोरपंखीला हिरवी म्हणत होता. तोंडातून निघून गेलं, "डोळे काय धानाच्या बांधीत इसरून आले का जी?" लोक हसले, आणि दुसऱ्या दिवशी कधी नव्हे ती गठ्ठाभर पार्सलं गेली. तेव्हापासून रोज चूक त्याने करायची, चिडायचं मी. आंधळगावात साड्यांची दुकानं काय कमी आहेत? भांडणारं दुकान मात्र आमचंच.

२१ सप्टें.
प्र. लग्नाआधी झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करायचा. पुढच्या रांगेतून शिव्या आल्या की खूश. "पब्लिक शिव्या देते म्हणजे काम जमलं," अजूनही तेच म्हणतो. आता शिट्ट्यांच्या जागी कमेंट.
सकाळच्या चहाला संध्याकाळचं भांडण ठरतं. आज साखर कमी पडली म्हणून तो खरंच तडकला, मग मधेच थांबून म्हणाला, "हे संध्याकाळी घेऊ." मला हसू आलं. नंतर, भांडी घासताना, नाही आलं.
सासूबाई आधी मला रागवायच्या, चारचौघात नवऱ्याला बोलते म्हणून. आज त्यांनीच प्र.ला विचारलं, "मलेही एखादा डायलॉग दे ना गा."

५ ऑक्टो.
हट्टाने साधं लाइव्ह केलं. एक दिवस तरी नीट बोलू म्हटलं. पोत, काठ, धुवायची कशी, सगळं सांगितलं. बघणारे पटापट गळाले. "वहिनी आजारी आहेत का?" "आज भांडण नाही का, वहिनी?" ऑर्डर एकही नाही.
प्र. नंतर साड्यांच्या घड्या घालत बसला. बोलला असता तर बरं झालं असतं.

११ ऑक्टो.
लाखांदूरहून दोघी जावा एसटीने आल्या, खास आमच्याकडे. साड्या उलगडून झाल्या, पसंत काही पडेना. मग थोरली लाजत म्हणाली, "आधी करून दाखवा ना जी एक डाव."
मोबाईल नाही, काही नाही, काउंटरला टेकून आम्ही भांडलो. त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि घरातल्या सगळ्यांची दिवाळी घेऊन गेल्या. निघताना थोरलीने विचारलं, "घरी तं गोडीनं राहता ना वो?"
मी हो म्हटलं. मग आमच्यात साधं बोलणं शेवटचं कधी झालं ते आठवत बसले. आठवलं नाही.

१८ ऑक्टो., धनत्रयोदशी
लिहावंसं वाटत नाही. लिहिते.
लाइव्हला तुफान गर्दी. मी म्हटलं, घडी मोडू नका. ठरलेलं उत्तर होतं, "मंग तूच दाखव." प्र. म्हणाला, "घडी मोडली तं बोलते. इतके साल झाले, हिच्यानं घरात पाळणा नाही हालला, त्याचं कोणी बोलते का?"
मी साडी त्याच्या अंगावर फेकली आणि आत गेले.
नागपूरच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते आम्हा दोघांनाच माहीत आहे. दोष माझ्यात नाही. सासूबाईंचे टोमणे मी खाल्ले, पण त्याची मान खाली जाऊ दिली नाही. आणि तो...
प्र. आत आला तो फुललेला. "काय फेकली वो साडी! एकदम खरं वाटलं!"
"खरंच होतं," मी म्हटलं.
कळायला त्याला वेळ लागला. मग पडेल आवाजात, "निघून गेलं तोंडातून. पण पब्लिक पाहाचं होतं तू..."
ती साडी संपली. सगळ्या रंगांत.

१९ ऑक्टो.
व्हिडिओ काढून टाका म्हटलं. "काढतो. दिवाळी होऊ दे."
खाली उपास सुचवलेत, वैद्यांचे पत्ते दिलेत. एकीने लिहिलंय, मनावर घेऊ नका वहिनी, पण रोज अशाच चिडत जा.
आज लाइव्हवर मी तोंडच उघडलं नाही, नुसत्या साड्या धरल्या. तर 'वहिनी रुसल्या' म्हणून आणखी लोक आले. चिडले तरी विकतं, गप्प बसले तरी विकतं. उद्या घर सोडून गेले तर त्याचाही सेल लावतील. संताप येतो, आणि तो दाखवायचीही सोय नाही.

२४ ऑक्टो., करडी
माहेरी आले. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी, असं सांगितलं सगळ्यांना.
बाबांनी व्हिडिओ पाहिलाय. शेतातून आले, पाय धुतले, आणि बाजेवर बसता बसता म्हणाले, "जवाई घरीही असेच बोलते का तुले?"
"नाटक आहे जी बाबा. धंद्यासाठी."
"मंग तू काहून रडून राहिली?"
मंडईत बायका बोलतात माझ्याशी आणि बघतात पोटाकडे. शेजारच्या काकूने कसलीशी मुळी दिली, दुधात उगाळून घे म्हणे. घेतली. काय सांगणार?
संध्याकाळी प्र.चा मेसेज. "लोक विचारून राहिले, वहिनी कुठी गेली." लोक विचारतात. तो नाही विचारत.

२८ ऑक्टो.
प्र. आला. बाबा आत पाणी आणायला गेले तसा मला दाराशी बोलावून म्हणाला, "चुकलो मी. आज लाइव्हवर सगळं सांगतो. दोष माह्यात हाये म्हणून सांगतो, हात जोडून माफी मागतो. तू फक्त बाजूले उभी राह्य."
डोळे भरलेले होते. खरेच भरले असतील. मला आता ओळखता येत नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.
"लाइव्हवर नको जी," मी म्हटलं. "बाबाले सांगा. इथंच. मोबाईल बंद करून."
"बाबाले?" त्याचा चेहराच उतरला. "अवं, त्याहिच्या तोंडावर कसं बोलू?"
अख्ख्या दुनियेला सांगायला निघाला होता. मी आत आले.
मोबाईल बंद केला त्याने, मी फटीतून पाहिलं. बाबांनी पाणी दिलं. "काय म्हणता, जवाईबापू?"
"काही नाही जी, मामाजी. धान कसा हाये यंदा?"
बाबा बराच वेळ धानाचं सांगत होते. मी चुलीपाशी बसून हे लिहिते आहे, कान ओसरीवर. धानाचं बोलणं संपलं. आता दोघंही गप्प आहेत.