विहिरीचा तह

नाना, आज सावद्याहून धुळ्याला परत येताना बसमध्ये तुमचा तो जर्मन ड्यूक आठवला आणि अंगाचा तिळपापड झाला. चारशे वर्षांपूर्वीचा माणूस. नववीच्या वर्गात तुम्ही फळ्यावर त्याचं घराणं काढलं होतं. मुलांच्या नावांखाली किल्ले, आणि मुलींच्या नावांपासून शेजारच्या राज्यांकडे जाणाऱ्या नुसत्या रेघा. "सैन्य परवडत नव्हतं, पोरी होत्या. भांडण झालं की एक द्यायची," तुम्ही म्हणालात. वर्ग हसला. मी हात वर केला. शाळेत तुम्हाला सरच म्हणायचं, असा तुमचा नियम. "सर, त्या मुलींना विचारलं होतं का?" तुम्ही खडू खाली ठेवलात. "आज कुणीतरी इतिहासाचा प्रश्न विचारला." तेवढ्या एका वाक्यावर मी इतिहास घेऊन बीए करायचं ठरवलं.

कॉलेजचं पहिलं वर्ष संपत आलेलं, आणि सामाईक विहिरीवरून शेजारच्या मळ्यातल्या काकांशी तुमचं बिनसलं. त्यांनी मोटर बंद पाडली. ऐन उन्हाळ्यात आपली केळी माना टाकायला लागली. मग ओट्यावर बैठक बसली आणि काकांच्या धुळ्याच्या भाच्याशी माझं लग्न ठरलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. "नाना, मला विचारलं का?" तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. "चहा ठेव. पाहुणे खोळंबलेत."

बाकीच्या बापांना आपण काय करतोय ते निदान कळत तरी नव्हतं. तुम्हाला कळत होतं. तुम्ही ते शिकवायचात, नाना! वर त्याचा पगार घ्यायचात. बीए राहिलं ते राहिलंच. इकडे सासूबाई वर्षानुवर्षं भाकरी थापता थापता ऐकवायच्या, "तुना बापले पानी भेटनं, आमले काय भेटनं?" याचं उत्तर तुम्ही द्यायला हवं होतं, मी नाही.

आता दोन्ही मळ्यांत बोअर आहेत. विहीर कोरडी पडली, तिच्यात केळीची खोडं टाकतात. आज वाकून पाहिलं. तुमचा तह कधीच संपला. मी अजून धुळ्यातच आहे.

तुम्ही तर आता राहिला नाहीत, हे पाठवायचं तरी कुठे? चुलीत घालीन. फक्त बैठकीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ डोळ्यांपुढून जात नाही. पाटाला पाणी सुटलं होतं, तुम्ही धोतर खोचून चिखलात उभे, लहान पोरासारखे हसत. बांधावरून तुमच्याकडे बघताना, नाना, मीही हसले होते.